घाट उतरलेलं पाणी

(दृश्य: पहाट. पुण्याचा चांदणी चौक. पूल, ट्रकची रांग, टपरीवरचा वाफाळता चहा.)

पुणे जिल्ह्याला समुद्र नाही. पुणे विभागातले पाचही जिल्हे घाटावरचे. सुट्टी लागली की मात्र पुणेकर ‘कोकणात उतरतो’. हा शब्द कोकणात जाण्यापुरताच. नागपूरला कुणी उतरत नाही, कोल्हापूरलाही नाही.

(दृश्य: मुळशी धरणाचा जलाशय, त्यावर धुकं.)

पिरंगुट, पौड मागे पडलं की मुळशीचं पाणी दिसायला लागतं. मुळा नदी खरं तर पूर्वेला जाणारी. पुण्यातून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. पण टाटांनी इथं धरण बांधलं, आणि पाण्याची वाट फिरली. त्याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 ते 1924 मुळशीचा सत्याग्रह झाला. धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली.

(दृश्य: ताम्हिणी घाट. कड्यावरून कोसळणारे धबधबे. एमएच 12 पाटीची गाडी, मागून एमएच 06.)

ताम्हिणीत पुणे जिल्हा संपतो, रायगड सुरू होतो. हद्दीची पाटी धुक्यात कुणाच्या लक्षातही येत नाही. कानाला दडे बसले की कळतं, आपण उतरतोय. मुळशीचं पाणी मात्र या रस्त्यानं येत नाही. ते डोंगराच्या पोटातून बोगद्यानं येतं आणि कड्यावरून नळांतून थेट भिऱ्याच्या वीजघरात पडतं. तिथून कुंडलिका नदीत. कोलाडला रबरी होड्यांत बसून जे पुणेकर ओरडत असतात, ते बहुतेक आपल्याच जिल्ह्याच्या पाण्यात भिजत असतात. भिऱ्याहून पाणी सुटलं की राफ्टिंग, नाही सुटलं की नदीत गोटे.

पुढे रोहा, आणि मग रेवदंड्याला अरबी समुद्र.

(दृश्य: नकाशा. सह्याद्रीची धार आणि किनारा यांच्यामधली अरुंद पट्टी.)

धार आणि समुद्र यांच्यामधली ही पट्टी म्हणजे कोकण. रुंदी साधारण 30 ते 60 किलोमीटर. किनाऱ्यालगतची सखल ती खलाटी, डोंगराच्या पायथ्याची चढउताराची ती वलाटी. कारभारासाठी सात जिल्हे: पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांबद्दल इथं काही सांगत नाही, त्यांच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत.

पालघर सगळ्यांत धाकटा. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. एका टोकाला लोकल गाड्यांची गर्दी झेलणारी वसई, दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे आदिवासी पाडे. वसईची खाडी ओलांडली की ठाणे जिल्हा.

(दृश्य: अलिबागचा किनारा. ओहोटी. किल्ल्याकडे निघालेले घोडागाडीवाले.)

नावांची गंमत बघा. अलिबागच्या समोर, ओहोटीला चालत जाता येतं असा कुलाबा किल्ला आहे. जिल्ह्याचं नावही कुलाबाच होतं. 1981 मध्ये ते रायगड झालं. किल्ले रायगड लांब महाड तालुक्यात, कलेक्टर कचेरी अलिबागलाच राहिली. सिंधुदुर्गाचंही तसंच. किल्ला मालवणच्या समुद्रात, कचेरी आत ओरोसला.

(दृश्य: बागमांडला. जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या वाहून नेणारी बोट, धक्क्याला लागते. लोखंडी फळी खाली येते, खडखडाट.)

सह्याद्रीनं पुण्याला अडवलं, तसं खाड्यांनी कोकणाला आतून अडवलं. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तरेला रायगड, दक्षिणेला रत्नागिरी. बागमांडल्याला गाड्या जंगलजेट्टीवर चढतात. आधी चारचाक्या, उरलेल्या फटींत मोटरसायकली. एक आजी टोपली मांडीवर घेऊन पायरीवर टेकतात. डिझेलचा वास, बोटीची शिट्टी, आणि चहा प्यायला वेळ मिळायच्या आत वेसवी. जिल्हा बदलला.

आणखी खाली विजयदुर्गची खाडी. अलीकडे रत्नागिरी, पलीकडे सिंधुदुर्ग. 1 मे 1981 पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता, बाणकोटपासून तेरेखोलपर्यंत. सावंतवाडीच्या माणसाचं कलेक्टरकडे काम निघालं, तर त्याला रत्नागिरी गाठावी लागायची. नकाशावर बोटभर अंतर. रस्त्यानं एक घाटी चढा, एक उतरा, मध्ये खाडी, की परत घाटी. नवा जिल्हा का हवा होता, हे समजायला त्या रस्त्यानं एकदा एसटीत मागच्या सीटवर बसून जावं.

(दृश्य: सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं तांबडं पठार, त्यावर पावसाळी फुलं. मग तेरेखोल नदीचं मुख.)

शेवटची खाडी तेरेखोलची. इथं महाराष्ट्र संपतो, असं शाळेत शिकलो. नदीच्या अलीकडे आपण, पलीकडे गोवा. पण आपल्याच काठावर तेरेखोलचा किल्ला उभा आहे, आणि तो गोव्याचा आहे. पोर्तुगीजांनी सावंतवाडीकरांकडून घेतला, तेव्हापासून तिकडचाच. आपण रेडीवरून गाडीनं थेट दाराशी जातो. गोव्याहून येणाऱ्याला स्वतःच्याच राज्यातल्या किल्ल्यावर यायला केरीहून फेरीबोट धरावी लागते, नाहीतर महाराष्ट्रातून वळसा घालावा लागतो.

(दृश्य: केरीच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट. मागे किल्ला. फक्त पाण्याचा आवाज.)