सावली राखणारा आणि सावली पुसणारा

मागच्या रविवारी आपण ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात फोटो काढत फिरलो. तुमचे फोटो मी पाहिले. बहुतेकांचं रडगाणं एकच: ताडपत्रीखाली अंधार, बाहेर रणरणतं ऊन, आणि भाजीवालीचा चेहराच दिसत नाही. आज ज्या दोन फोटोग्राफरांबद्दल बोलायचंय, त्यांनी या रडगाण्यावर अगदी उलटसुलट इलाज केलेत.

अ‍ॅलेक्स वेब अमेरिकेचा, मार्टिन पार इंग्लंडचा. दोघांचा जन्म १९५२ चा, दोघंही मॅग्नम या फोटोग्राफरांच्या संस्थेचे. दोघांनी हात बसवला तो कृष्णधवलवर आणि मग रंग धरला. वेबनं १९७९ च्या सुमारास, पारनं १९८२ मध्ये.

वेब १९७५ मध्ये हैतीला आणि मेक्सिकोच्या सीमेवर गेला. तिथलं ऊन, तिथल्या भडक भिंती कृष्णधवलमध्ये मावेनात. मग त्यानं कोडाक्रोम वापरली. ही स्लाइडची फिल्म, चूक माफ न करणारी! उन्हाचं माप बरोबर घेतलं की सावली थेट काळी पडायची. आपण त्याला चूक म्हणू. वेब त्या काळ्या तुकड्यांनीच चौकट बांधतो. पुढे कुणाचा तरी अर्धा खांदा, मध्ये एखादं पोर, मागे दारात कुणीतरी उभं, आणि कुणीही कुणाला झाकत नाही. अशी जागा हेरायची आणि माणसं आपापल्या ठिकाणी येईपर्यंत ताटकळत उभं राहायचं. तुमच्या फोटोतला तो अंधार त्यानं जपून ठेवला असता.

मार्टिन पार तो अंधार पुसून टाकायचा, भर दुपारी फ्लॅश मारून! १९८३ ते ८५ या काळात त्यानं लिव्हरपूलजवळच्या न्यू ब्रायटनच्या किनाऱ्यावर फोटो काढले. वितळणारं आइस्क्रीम, रडणारी पोरं, कचऱ्याशेजारी ऊन खात पडलेली माणसं. फ्लॅशमुळे सगळं सारखंच उजळतं, लपायला जागाच उरत नाही. तो गरिबांची टिंगल करतो, असा आरोप तेव्हापासून झाला. १९९४ मध्ये त्याला मॅग्नमचं पूर्ण सदस्यत्व मिळालं तेही काठावरच्या मतांनी. आतल्याच मंडळींचा विरोध होता.

टिंगल आहे का? थोडी आहे, असं मला वाटतं. पण आपल्या लग्नाचा अल्बम आठवा. पंगतीत फ्लॅश पडतो, काकांच्या तोंडात अर्धी जिलेबी, डोळे मिटलेले. तो फोटो आपण अल्बममधून काढून टाकतो. पार नेमका तोच मोठा करून भिंतीवर लावायचा. मन माझं वेबकडेच ओढतं. त्याचा फोटो बघताना डोळा निवतो. पण पार बघितला की मी मुकाट्यानं शर्टावर काही सांडलंय का ते तपासतो. हे वेबच्या फोटोंनी कधी केलं नाही.

तर या रविवारी दोन गट. वेबवाल्यांनी साडेचारला पुन्हा जांभळी नाका गाठायचा, एकच कोपरा धरायचा, तासभर हलायचं नाही. पारवाल्यांनी तलावपाळीला. शेवपुरीच्या प्लेटपासून हातभर अंतरावर, फ्लॅश चालू. लोक वळून बघतील. कुणी हरकत घेतली तर फोटो तिथल्या तिथे पुसा, आणि पुढची प्लेट आपल्या पैशानं.