पुष्कराज म्हणायचं तरी कशाला?

मंडळी, टेबलावर ही जी अंगठी ठेवली आहे ती माझ्या आत्याची. तिचं लग्न लांबत होतं. गुरू बळकट व्हावा म्हणून आजोबांनी तालुक्याच्या गावी एका पेढीवर जाऊन पुष्कराजाचा खडा घेतला. त्या वर्षी कापसाचे जे पैसे हातात आले, त्यातला मोठा वाटा या खड्यात गेला. आत्याने ती अंगठी चाळीस वर्षं बोटातून काढली नाही. मी रत्नशास्त्र शिकलो, तेव्हा एका दिवाळीत तिनेच ती कौतुकाने माझ्या हातात दिली, ‘बघ रे, किती पाणीदार आहे.’ तपासला, तर तो सुनेला निघाला. सुनेला म्हणजे सिट्रीन, क्वार्ट्झ या साध्या खनिजाचा पिवळा प्रकार. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, ‘दादांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी एवढे पैसे घातले नसते.’

सुनेला वाईट नाही. प्रसन्न, टिकाऊ खडा आहे. पण पैसे दुसऱ्याच नावाचे मोजले गेले, आणि ते मला आजही बोचतं. म्हणून आज टोपाझ या रत्नाच्या रंगांआधी नावाबद्दल बोलतो.

आपल्याकडे सराफ नवरत्नांतला पुष्कराज म्हणतो तो बहुधा पिवळा नीलम असतो, म्हणजे माणिक आणि नीलम ज्या कुरुंद खनिजाचे, त्याचाच पिवळा भाऊ. मराठी शास्त्रीय पुस्तकांत मात्र पुष्कराज म्हणजे टोपाझ. आणि काचेच्या कपाटात ‘टोपाझ’ अशी चिठ्ठी लावलेला खडा पुष्कळदा सुनेला असतो. ‘स्मोकी टोपाझ’ म्हणून जे विकतात तोही धुरकट क्वार्ट्झच. हा गोंधळ आजचा नाही. टोपाझ हे नाव जोडलं जातं तांबड्या समुद्रातल्या एका बेटाशी, आज त्याला झबरगद म्हणतात. त्या बेटावर मिळायचा तो हिरवा पेरिडॉट! तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने १६६५ मध्ये औरंगजेबाची रत्नं हाताळली. त्यातल्या एका मोठ्या टोपाझबद्दल तो लिहितो की तो बादशहासाठी गोव्यात १,८१,००० रुपयांना घेतला होता. आता तो खरा टोपाझ होता की पिवळा नीलम, हे नुसत्या वर्णनावरून कोण सांगणार? त्या काळी पिवळा आणि पारदर्शक एवढं पुरे असायचं.

मग ओळखायचं कसं? रंग बाजूला ठेवा आणि वजन करा. आत्याचा खडा मी कोंदणातून सोडवला आहे. काट्यावर भरला ५.३० कॅरट. आता तो बारीक तारेच्या झोळीत ठेवून पाण्यात बुडवून तोलतो; झोळीचं वजन आधीच वजा केलं आहे. भरला ३.३०. म्हणजे पाण्यात २ कॅरट घटले. ५.३० ला २ ने भागा, २.६५. हे क्वार्ट्झचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा तो किती पट जड ते. हा दुसरा खडा ब्राझीलचा टोपाझ. हवेत ७.१०, पाण्यात ५.१०. इथेही घट दोनचीच, म्हणजे दोन्ही खडे आकारमानाने अगदी सारखे. पण ७.१० भागिले २ म्हणजे ३.५५. हा टोपाझ. याच मापाचा पिवळा नीलम असता तर ८ कॅरटच्या आसपास भरला असता. डोळ्यांना तिघं सख्खी भावंडं वाटतात, काटा मात्र फसत नाही. अर्थात प्रयोगशाळेत आम्ही प्रकाशाचं वक्रीभवनही पाहतो, पण नुसत्या पाण्याच्या पेल्यात एवढं कळतं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

टोपाझ म्हणजे अॅल्युमिनियम, सिलिका आणि फ्लोरीन यांचं खनिज. ग्रॅनाइटचा रस निवत येतो तेव्हा शेवटी फ्लोरीन असलेले जे वायू आणि द्रव उरतात, त्यांतून तो घडतो. म्हणून आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात तो शोधू नका; तो ग्रॅनाइट नव्हे, लाव्हाचा बेसॉल्ट. तिथल्या पोकळ्यांत झिओलाइट आणि अपोफिलाइट ही खनिजं सापडतात, आणि तेही जगभरचे संग्राहक जपून ठेवतात.

शुद्ध टोपाझ पाण्यासारखा रंगहीन असतो, आणि तोच सगळ्यात मुबलक. रंग येतात ते दोन वाटांनी. एक, स्फटिकाच्या जाळीत सूक्ष्म बिघाड होतात, ते प्रकाशाचा काही भाग शोषतात. पिवळा, तपकिरी आणि निळा असा येतो. दुसरी वाट क्रोमियमची. ते किंचित मिसळलं की गुलाबी छटा येते. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात ओरो प्रेतो या जुन्या गावाच्या परिसरात या दोन्ही वाटा एकत्र येतात. तिथला नारिंगी-गुलाबी खडा म्हणजे ‘इम्पीरियल टोपाझ’. पिकलेल्या हापूसच्या फोडीत कुणी गुलाबाचा थेंब सोडावा, तसा. नाव कुणी रशियाच्या राजघराण्याशी जोडतं, कुणी ब्राझीलच्या सम्राटाशी. माझ्या मते टोपाझच्या सगळ्या रंगांत याच्या तोडीचा दुसरा नाही.

हाच खडा बेताने तापवला तर पिवळेपणा निघून जातो आणि क्रोमियमचा गुलाबी तेवढा उरतो. ही युक्ती १७५० मध्ये पॅरिसच्या एका जवाहिऱ्याला सापडली असं सांगतात. मुळातच गुलाबी असलेला टोपाझ फार दुर्मीळ. पाकिस्तानात मर्दानजवळच्या काटलंगचा प्रसिद्ध आहे.

तपकिरी, शेरी या मद्याच्या रंगाच्या टोपाझची गंमत वेगळी. अमेरिकेत युटामधल्या थॉमस डोंगररांगेत खडक फोडला की आतून मधासारखे स्फटिक निघतात. उघड्यावर पडलेले मात्र रंगहीन, कारण उन्हाने त्यांचा रंग उडालेला असतो. म्हणून असा खडा घेतलात तर खिडकीत मांडून ठेवू नका.

आता निळा, कारण दुकानात तुम्हाला बहुतेक हाच भेटणार. निसर्गातला निळा टोपाझ फिकट असतो आणि कमी मिळतो. दुकानातला गडद निळा जवळजवळ सगळा माणसाने केलेला. रंगहीन खड्यांवर वेगवान इलेक्ट्रॉन सोडतात किंवा ते अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवतात. बाहेर येतात ते बहुधा मळकट तपकिरी, हिरवट. मग हलकी ऊब दिली की निळे होतात. फिकट तो स्काय ब्लू, झगझगीत तो स्विस ब्लू, शाईसारखा गडद तो लंडन ब्लू. अणुभट्टीतून आलेले खडे काही काळ किरणोत्सारी असतात. पातळी सुरक्षित होईपर्यंत ते बंदिस्त ठेवावे लागतात, आणि अमेरिकेत तर अणुऊर्जा नियामकाचे यासाठी नियम आहेत. हा निळा उन्हात उडत नाही. बिनधास्त घाला. पण ‘नैसर्गिक निळा’ म्हणून जास्त पैसे मागितले, तर प्रयोगशाळेचा दाखला मागा. इंद्रधनुषी ‘मिस्टिक टोपाझ’ म्हणतात तो खड्यावर चढवलेला पातळ थर असतो, घासला की जातो.

जाता जाता एक सांगतो. टोपाझचं काठिण्य दहाच्या मापपट्टीवर आठ, क्वार्ट्झपेक्षा वरचं. पण त्याला एका दिशेने पक्कं पाटन असतं, लाकडाच्या शिरेसारखं. त्या रेषेवर ठोका बसला की सरळ दोन तुकडे होतात. पैलू पाडणारा कारागीरही खड्याचं तोंड त्या पातळीपासून थोडं कलतं ठेवतो, नाहीतर त्याला झिलईच येत नाही. कोंदणात बसवताना हात हलका ठेवा, आणि अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तो धुऊ नका.

म्हणूनच खाली हा जाड गालिचा अंथरला आहे. आता दिवे घालवायला सांगतो. रांगेने पुढे या आणि ओरो प्रेतोचा हा स्फटिक टॉर्चपुढे धरून हळूहळू फिरवा. एका बाजूने मधाळ नारिंगी दिसेल. तसाच वळवत राहा, टोकाशी गुलाबी उमटेल. आत्याचा खडाही शेजारीच आहे, तोही हातात घेऊन बघा.