विटकरी सदऱ्यांचे पठाण

श्रोतेहो, नमस्कार.

'पठाणी वसुली' हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळलाय, की पठाण म्हटलं की दंडुकाच आठवतो. आज मी सूड न घेण्याची शपथ घेतलेल्या पठाणांबद्दल बोलणार आहे. हो, सूड न घेण्याची! ज्या समाजात 'बदल', म्हणजे वैर फेडणं, हा इभ्रतीचा प्रश्न, तिथे १९२९ साली खान अब्दुल गफार खानांनी 'खुदाई खिदमतगार' उभे केले. खुदाई खिदमतगार म्हणजे देवाचे सेवक. देवाला स्वतःला सेवा लागत नाही, म्हणून त्याच्या लेकरांची सेवा करायची आणि छळणाऱ्याला माफ करायचं, अशी ती शपथ.

आता त्यांच्या सदऱ्यांची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सुरुवातीला हे लोक पांढरी खादी घालायचे. गावोगाव हिंडायचं, रस्ते धुळीचे. पांढऱ्या कपड्याचं काय होतं, ते धुणं धुणाऱ्याला सांगायला नको. मग काही जणांनी आपले सदरे कातडी कमावणाऱ्याकडे नेले. आपल्याकडे कातडं बाभळीच्या सालीत कमावतात, तिकडे पाइनच्या. त्या सालीच्या पाण्यात सदरे बुडवले, पिळले, वाळत घातले. रंग आला विटकरी, आणि मळ दिसेना! बघता बघता बाकीच्यांनीही तसेच रंगवून घेतले. एवढीच हकीकत. पण सरकारला त्या रंगात रशिया दिसला. लाल डगलेवाले म्हणजे बोल्शेविकच, असा बोभाटा झाला. आणि यांची शपथ कुणाच्या नावाने? खुदाच्या!

गफार खान सांगत, सब्र, म्हणजे सबुरी, हे पैगंबरांचं हत्यार, मक्केतल्या छळात त्यांनी तेच हाती धरलं होतं. म्हणजे ही अहिंसा उसनी नव्हती. म्हणूनच त्यांना दिलेलं 'सरहद्द गांधी' हे नाव मला खटकतं. त्यांची माणसं त्यांना बादशाह खान म्हणत, आपणही तेच म्हणावं. १९२८ मध्ये त्यांनी पश्तूतून 'पख्तून' मासिक काढलं होतं. माणूस जागा होतो तो मायबोलीत. मुलांच्या शाळा निवडणाऱ्या आपल्या पालकांनीही हे मनावर घ्यावं.

२३ एप्रिल १९३०. गफार खानांना अटक झाली आणि पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात लोक जमले. गोळीबारात पुष्कळ माणसं गेली. गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंग गढवालींनी आणि त्यांच्या शिपायांनी निःशस्त्र लोकांवर गोळी झाडायला नकार दिला. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली.

१९३४ मध्ये गफार खान सुटले, तर सरहद्द प्रांतात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच मुलखात, आणि पंजाबात पाऊल ठेवायला बंदी. मग राहिले कुठे? आपल्या वर्ध्याला. त्याच डिसेंबरात मुंबईतल्या एका भाषणासाठी त्यांना पुन्हा पकडलं, तेही वर्ध्यातूनच.