गच्चीवरची दोरी आणि रेणूंच्या साखळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि दोन-तीन उन्हाळे गच्चीवर काढलेली, कपडे वाळत घालायची प्लॅस्टिकची दोरी हात लावताच पांढरट भुकटी सोडू लागते. दोरी उन्हाने पिचली, असे आपण म्हणतो आणि दोष उष्णतेला देतो. अशीच एक निळी दोरी उतरवताना खांबाला मारलेली तिची गाठ मी मुद्दाम सोडून पाहिली. वरच्या पदराचा चुरा झाला होता, पण गाठीच्या पोटातला तुकडा निळाशार आणि चिवट होता. ऊब त्यालाही लागत होतीच. पोचला नव्हता तो प्रकाश.

ही दोरी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. अशा पदार्थांना पॉलिमर म्हणतात. ते लहान रेणूंचे पुंजके नसून हजारो दुव्यांच्या लांबलचक साखळ्या असतात, हे हर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडले, तेव्हा अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नव्हते. नोबेल मिळायला १९५३ साल उजाडले. दोरीचे बळ या साखळ्यांच्या लांबीत आणि परस्परांतील गुंत्यात असते, म्हणून एकेका साखळीवर दोन-चार घाव बसले, तर वजनात फरक पडत नाही, पण ताकद मात्र निघून जाते.

घाव घालतात ते सूर्याचे अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन, दोघे मिळून. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन हे किरण फारसे शोषत नाही. ते शोषतात त्यात राहून गेलेले उत्प्रेरकाचे अंश आणि घडवतानाच किंचित ऑक्सिडीकरण झालेल्या जागा. तिथून सुटलेले मुक्त मूलक, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी तुटलेला अस्थिर रेणूखंड, साखळीवरचा सैल हायड्रोजन ओढून घेते, रिकाम्या जागी ऑक्सिजन बसतो, हायड्रोपेरॉक्साइड हे अस्थिर संयुग तयार होते आणि ते फुटले की आणखी दोन मूलके मोकळी होतात. एकाची दोन होत जाणारी ही प्रक्रिया असल्यामुळे दोरी बराच काळ धडधाकट दिसते आणि मग एकाच हंगामात हातात येते. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्याचे कारण हेच: त्यांत साधारण दोन ते अडीच टक्के काजळी मिसळलेली असते आणि ती किरण स्वतःवर घेते.

चादरी-टॉवेलांच्या या गावात सुताचे नाव काढल्याशिवाय विषय पुरा होणार नाही, कारण कापसातले सेल्युलोज हेही पॉलिमरच आहे. आम्लाचा थेंब पडला, की त्याचे दुवे पाण्याच्या रेणूकडून तुटतात आणि कापडाला भोक पडते. ब्लीचिंगमधला धोका अधिक छुपा आहे. तिथे हायपोक्लोराइटचे द्रावण अल्कधर्मी, साधारण १० सामूच्या (pH च्या; ७ म्हणजे उदासीन) आसपास राखावे लागते. सामू ७ कडे घसरला, की सुताचा पिवळेपणा घालवणारे तेच द्रावण सेल्युलोजवर तुटून पडते. बाहेर येणारा टॉवेल शुभ्र आणि मऊच असतो. पुढे एखाद्या दिवशी तो पिळताना मधोमध चर्र फाटतो, आणि बोल लागतो बिचाऱ्या विणकराला.