परतल्यानंतरचे काम

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, प्रवासवर्णने लिहिणाऱ्या माणसाला कोणत्याही समारंभात हटकून विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘आता पुढचा प्रवास कुठे?’ तो आपुलकीनेच विचारला जातो, याची मला जाणीव आहे. परंतु त्याच्या पोटात एक समज दडलेला असतो, की ही बाई बारा महिने पायाला भिंगरी लावून हिंडते आणि हिंडता हिंडता तिची पुस्तके आपोआप तयार होतात. माझा हिशेब सांगायचा, तर मागच्या पुस्तकासाठी मी सात आठवडे बाहेर होते आणि ते लिहून पुरे करायला मला सव्वादोन वर्षे लागली. ती सव्वादोन वर्षे मी एकाच खोलीत, भिंतीकडे तोंड करून बसून काढली. खिडकीकडे तोंड केले, की माझ्या हातून काम होत नाही.

हे प्रमाण काही आजचे नाही. ह्युएनत्संग हिंदुस्थानातून चीनला परतला तो इ. स. ६४५ मध्ये आणि त्याचे प्रवासवृत्त पुढच्या वर्षी सिद्ध झाले, तेही शिष्याला सांगून. १३२५ मध्ये टँजियरहून निघालेल्या इब्न बतूताचा ग्रंथ १३५५ मध्ये पुरा झाला. तो सांगत गेला आणि इब्न जुझय्य नावाच्या विद्वानाने तो शब्दबद्ध केला. आपल्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत जे डोळ्यांनी पाहिले, ते सुमारे पाव शतकानंतर आठवणींवरून लिहून काढले आणि ‘माझा प्रवास’ छापून यायला १९०७ साल उजाडले. पॅट्रिक ली फर्मर हा इंग्रज लेखक १९३३ च्या डिसेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, युरोप पायी ओलांडायला निघाला. त्या चालण्याचा पहिला खंड १९७७ मध्ये आला, दुसरा १९८६ मध्ये आणि तिसरा त्याच्या मृत्यूनंतर, २०१३ मध्ये. चालताना त्याची पाठपिशवी म्युनिकमध्ये चोरीला गेली आणि तिच्यासोबत सुरुवातीच्या दिवसांची रोजनिशीही गेली. फर्मरच्या त्या पहिल्या खंडाचे कौतुक मीही पुष्कळ केले आहे, पण त्यातले संवाद वाचताना ही हरवलेली रोजनिशी मला सारखी आठवत राहते.

प्रवासात माझे काम असे एकच असते, ते म्हणजे वही भरणे. उरलेला दिवस कोणत्याही प्रवाशासारखाच जातो, आणि त्यातला फार मोठा भाग वाट पाहण्यात जातो: गाडीची, परवान्याची, पाऊस थांबण्याची, कोणीतरी किल्ली घेऊन येण्याची. सामान कमी ठेवावे, पायांना जपावे, उघडे पाणी पिऊ नये, एकटीने उतरायचे ठिकाण अंधार पडण्यापूर्वी गाठावे; याहून अधिक उपदेश मजजवळ नाही. वहीविषयी मात्र मला थोडे सविस्तर बोलायचे आहे.

माझ्याकडे दोन वह्या असतात. एक खिशात मावणारी, तिच्यात उभ्या उभ्या, चालत्या गाडीत, गुडघ्यावर टेकवून जे सुचेल ते शिसपेन्सिलीने लिहिते, कारण शाई पाण्याने पसरते आणि कडाक्याच्या थंडीत पेन ऐन वेळी रुसते. दुसरी मोठी, तिच्यात रोज रात्री, झोपण्याआधी, खिशातल्या वहीतील त्रोटक शब्दांची वाक्ये करते. ही पद्धत मी डार्विनकडून उचलली, असे म्हणायला हरकत नाही. ‘बीगल’ या जहाजाच्या सफरीत, म्हणजे १८३१ ते १८३६ या काळात, तोही जमिनीवर असताना छोट्या वह्यांत टिपणे करी आणि नंतर त्यांवरून सविस्तर रोजनिशी लिहीत असे. या माणसाला बोट लागायची, आणि ती थोडीथोडकी नव्हे, तर संपूर्ण सफरभर. तरीही रोजनिशी चालू राहिली, हे लक्षात घेतले म्हणजे ‘आज फार दमले, उद्या लिहीन’ हे माझे नेहमीचे कारण मलाच लंगडे वाटू लागते.

आणि दमलेले तर असतेच. रात्री साडेदहाला, ओले मोजे खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेले, दिव्याचा उजेड वहीवर न पडता नेमका भिंतीवर पडतो आहे, अशा अवस्थेत माणूस काय लिहितो? तो लिहितो, ‘संध्याकाळी डोंगर. अप्रतिम दृश्य.’ माझ्या जुन्या वह्यांत अशी पानेच्या पाने आहेत आणि त्यांचा मला कवडीचाही उपयोग झालेला नाही. अप्रतिम काय होते, ते वहीत नाही आणि आता डोक्यातही नाही. याउलट एका पानावर असे आहे: ‘चालकाने आरशाला निळा दोरा बांधला आहे. वळण आले, की तो आधी झुकतो, मग आपण.’ या दोन ओळी वाचल्या, की ती अख्खी बस माझ्यासमोर उभी राहते. पुढच्या बाकावर झोपलेले मूल, पत्र्याचा खडखडाट, डिझेलचा वास, सगळे त्या दोऱ्याला धरून बाहेर येते. तेव्हापासून मी वहीत विशेषणे लिहायची नाहीत, असा दंडक स्वतःला घालून घेतला आहे. तो दर तिसऱ्या दिवशी मोडतो.

छायाचित्रे असताना वही कशाला, असे तरुण मित्र विचारतात. छायाचित्रे मीही काढते, शेकड्यांनी काढते. पाट्यांवरची नावे, वेळापत्रके, इमारतींचे मजले यांसाठी त्यांच्यासारखा साक्षीदार नाही. मात्र छायाचित्र काढताना मी कोणाशी काय बोलत होते, मला भीती वाटत होती की भूक लागली होती, आणि चौकटीबाहेर कोण हसत होते, हे त्यात येत नाही.

आता घराकडे येते. घरी परतल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस मी लेखनाच्या दृष्टीने सोडूनच दिले आहेत. काळवेळ बदललेली असते. ढोबळ मानाने घड्याळातल्या एका तासाच्या फरकाला शरीर एक दिवस मागते. शिवाय आपण नसताना घराने आपले काम आपल्यावाचून चालवायची सवय लावून घेतलेली असते. मागच्या खेपेला चमच्यांचा खण बदललेला होता. मी आठवडाभर जुना खण उघडत राहिले आणि प्रत्येक वेळी आत दोरे, सेलोटेप आणि जुनी बिले निघाली. माझे पती म्हणाले, ‘अगं, दोन महिने झाले बदलून.’ त्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती; पण मी कुठे किती काळ नव्हते याचा हिशेब मला त्या खणाने जितका नेमका दिला, तितका पारपत्रावरच्या शिक्क्यांनीही दिला नव्हता. थकलेली बिले, कर, नातेवाइकांची चुकलेली कार्ये हे सगळे ओळीने उभे असतेच. या व्यवसायात खर्च आधी होतो आणि मानधन फार नंतर येते, त्यामुळे भाषांतरे आणि मुद्रिततपासणी ही माझी खरी पोटापाण्याची कामे आहेत. कोणी आपल्या खर्चाने मला नेले असेल, तर ते मी लेखात पहिल्याच परिच्छेदात सांगते. एवढी एक गोष्ट मी निग्रहाने पाळली आहे.

मग कधीतरी वही उघडते आणि खरी झटापट सुरू होते, ती स्मरणाशी. एका नदीवरच्या नावाड्याविषयी मी चार पाने लिहिली होती. तो एकाक्ष होता, असे मला स्वच्छ आठवत होते आणि त्या एका डोळ्यावर मी बरेच काही रचलेही होते: त्याचे प्रवाह जोखणे, त्याचा अबोलपणा, त्याचे वय. लेखन पुरे झाल्यावर खिशातली वही पडताळून पाहिली, तर तिथे लिहिलेले होते, ‘नावाडी. उन्हामुळे एक डोळा मिटून घेतो.’ चारही पाने फाडावी लागली. ती पाने चांगली उतरली होती, आणि वही हरवली असती, तर आज ती छापील पुस्तकात असती, हे कबूल करायला मला संकोच वाटतो.

दुसऱ्या एका प्रसंगी वहीही पुरली नाही. तळ्याच्या काठावर बसून पाण्यात बुडणारा सूर्य पाहिल्याचे वर्णन मी छापले आणि वाचकाचे पत्र आले, की आपण ज्या काठाचे नाव दिले आहे, तो तळ्याचा पश्चिम काठ आहे. तिथे पाण्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या पाठीमागे सूर्य मावळतो. नकाशा काढून पाहिला, तर त्यांचेच बरोबर होते. मी बहुधा सूर्योदय पाहिला होता, किंवा दुसऱ्या काठावर होते. तेव्हापासून छपाईला देण्यापूर्वी प्रत्येक वाक्यातली दिशा मी नकाशावर तपासते. दोन दिवसांच्या पायपिटीच्या वर्णनासाठी कधीकधी आठवडा त्यातच जातो.

तर ‘पुढचा प्रवास कुठे?’ या प्रश्नाचे आजचे उत्तर असे, की मी सध्या मागच्याच प्रवासात, तिसऱ्या वहीच्या अठराव्या पानावर अडकलेली आहे. त्या पानावर वेळ लिहिली आहे, सहा वाजून दहा मिनिटे, आणि खाली एकच शब्द आहे: ‘शिडी’. त्याखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत, म्हणजे तो मला फार महत्त्वाचा वाटला असला पाहिजे. त्या दिवशीची छायाचित्रे पाहिली, तिकिटे पाहिली, बरोबर असलेल्या मैत्रिणीला पत्र घातले. तिला कुठलीच शिडी आठवत नाही. मला तर शिडीवर चढल्याचेही आठवत नाही आणि कोणाला चढताना पाहिल्याचेही. ते पान मी अजून उलटलेले नाही.