दोन हातांवरचा प्रिंटर

(दृश्य: शटर वर जातं, दिवे लागतात)

सकाळचे साडेनऊ. पुण्यातलं, कॉलेजशेजारचं झेरॉक्सचं दुकान. काकांनी उदबत्ती लावली, मग प्रिंटर सुरू केला. काउंटरखाली तो जुना डेस्कटॉप बघा. आता धूळ खात पडलाय, पण एके काळी दिवसभर चालू असायचा, नुसता प्रिंटरला इंटरनेटशी जोडून ठेवायला.

२०१० साली गूगलनं क्लाउड प्रिंट आणलं. गूगलच्या क्रोम ओएसवर, म्हणजे क्रोमबुक लॅपटॉप ज्यावर चालतात त्या प्रणालीवर, प्रिंटरचे ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरशी बोलायला लावणारी सॉफ्टवेअर) बसवायची सोयच नव्हती, त्यावर काढलेली ही वाट. फोनवर ‘प्रिंट’ दाबलं की फाइल आधी गूगलच्या सर्व्हरवर जायची आणि तिथून इंटरनेटवरूनच प्रिंटरकडे यायची. नव्या प्रिंटरना हे थेट जमायचं. जुना असेल, तर त्याला केबलनं जोडलेला संगणक हवा, आणि त्यावर क्रोम उघडं हवं. म्हणून हा डेस्कटॉप.

(दृश्य: काउंटरवर फोन, मागे प्रिंटर)

मधलं अंतर बघा. हात लांब केला तर पोचेल. तरी कुणाचं आधार कार्ड, कुणाची पगाराची स्लिप एवढा वळसा घालून यायची. ३१ डिसेंबर २०२० ला सेवा बंद झाली. दहा वर्षांत ‘बीटा’, म्हणजे अजून चाचणी सुरू, हा शिक्काही निघाला नव्हता. लोकांनी दुसरी सोय शोधली.

(दृश्य: रोलर, अगदी जवळून)

दुसरी सोय खरं तर जुनीच. इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, आयपीपी, म्हणजे प्रिंटरशी नेटवर्कवरून कसं बोलायचं याचे ठरलेले नियम, १९९९ साली प्रसिद्ध झाला. तो कुणा एका कंपनीचा नाही, नियम सगळ्यांना खुले. याच पायावर २०१० च्या नोव्हेंबरात ॲपलचं एअरप्रिंट, म्हणजे आयफोनवरून थेट छापायची सोय, उभं राहिलं. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया ही संघटना काढली, तीही याच वाटेनं. प्रिंटर वायफायवर हाक देतो: मी इथं आहे, ए-फोर आहे, दोन्ही बाजूंनी छापतो. फोन ती हाक ऐकतो आणि फाइल थेट त्याच्या हाती देतो. वेगळा ड्रायव्हर नको, मधला सर्व्हर नको. प्रिंटर आपला, कागद आपला. मग वाट दुसऱ्याच्या मर्जीवर का ठेवायची?

(दृश्य: राउटर, काकांचा हात)

इंटरनेटची वायर काकांनी आमच्यासमोर काढली. वायफाय तेवढं चालू. समोरच्या मुलीनं फोनवर ‘प्रिंट’ दाबलं.

(निवेदन थांबतं. प्रिंटरचा आवाज.)

काका गरम पानं काउंटरवर ठोकून सारखी करतात, कोपऱ्यात पिन मारतात. बारा पानं, चोवीस रुपये.