साउंड कार्डातला क्रॉसओव्हर

मंडळी, स्पीकरच्या खोक्यात कॉइल आणि कपॅसिटरची जी पट्टी असते (हाच क्रॉसओव्हर, उंच आणि खालचे सूर वेगळे करणारा) ती काढून टाकायची आणि तिचं काम कॉम्प्युटरवर सोपवायचं, एवढीच आजची कल्पना. मग उंच सुरांच्या प्रत्येक ट्वीटरला, खालच्या सुरांच्या प्रत्येक वूफरला स्वतःचं अ‍ॅम्प्लिफायर चॅनल लागतं. टू-वे (खोक्यात एक वूफर, एक ट्वीटर) स्टिरिओ जोडीला चार. सेव्हन-पॉइंट-वन साउंड कार्डाला आठ आउटपुट असतात, म्हणजे थ्री-वे (मधल्या सुरांना तिसरा स्पीकर) जोडी चालवूनही दोन उरतात.

हा खटाटोप कशासाठी? त्या पट्टीचं साधं गणित ८ ओहम धरून मांडलेलं असतं, आणि वूफर ८ ओहमवर कधी थांबतच नाही. रेझोनन्सपाशी (ज्या वारंवारतेला तो आपसूक जोरात हलतो तिथे) त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कित्येक पटींनी चढतो, पुढे व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा चढू लागतो. चांगला डिझायनर हे सांभाळून घेतो, पण त्यापायी पट्टीवर आणखी भाग वाढतात. फिल्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी नेला की त्याला या चढउतारांशी काही देणंघेणं उरत नाही.

फिल्टर कोणता, यावर लोक फार वाद घालतात. माझ्या मते सुरुवातीला लिंकविट्झ-रायली घ्या, २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा (ऑक्टेव्ह म्हणजे वारंवारता दुप्पट होणं), आणि पुढे चला. क्रॉसओव्हरच्या ठिकाणी, म्हणजे वूफर काम ट्वीटरकडे सोपवतो त्या वारंवारतेला, दोन्ही बाजू ६ डेसिबल खाली आणि एकाच फेजमध्ये (लहरी बरोबरीने चढत-उतरत) असतात, म्हणून बेरीज सपाट येते. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, लिनक्सवर कॅमिलाडीएसपी हे प्रोग्रॅम हे काम करतात. लिनिअर फेजचे (सगळ्या वारंवारतांना सारखाच उशीर लावणारे) एफआयआर फिल्टरही जमतात, पण ४८ किलोहर्ट्झला ४०९६ टॅप (फिल्टरच्या गणितातले गुणक) घेतले तर आवाज सुमारे ४३ मिलिसेकंद मागे पडतो. गाण्याला चालेल, व्हिडिओत खटकू शकतं.

खरी मजा डिलेमध्ये, म्हणजे एखादा चॅनल मुद्दाम उशिरा सोडण्यात आहे. ४८ किलोहर्ट्झला एक सॅम्पल (आवाजाचं एक मोजमाप) म्हणजे हवेतले जेमतेम ७ मिलिमीटर. ट्वीटरचा आवाज सहसा वूफरच्या थोडा पुढून सुटतो, तेव्हा त्याला तीन-चार सॅम्पल थांबवायचं. नेमकं किती? ट्वीटरची पोलॅरिटी (अधिक-उणे) मुद्दाम उलटी करा, मायक्रोफोन समोर ठेवून मोजा. क्रॉसओव्हरपाशी आलेखात खड्डा पडतो. डिले एकेका सॅम्पलने बदलत जा; खड्डा सगळ्यांत खोल जाईल तो आकडा पक्का करा, पोलॅरिटी पूर्ववत करा. कानाने हे जुळवायला बसलात तर संध्याकाळ जाईल.

एक मोह टाळा: दोन स्वस्त यूएसबी कार्डं जोडून चॅनल वाढवण्याचा. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. दोघांत दहा लाखांत फक्त ५० चा फरक धरा. मिनिटभरात १४४ सॅम्पलचा घोळ होतो, म्हणजे ३ मिलिसेकंद. ट्वीटर वूफरपासून मीटरभर मागे नेऊन ठेवल्यासारखं! सगळे चॅनल एकाच कार्डातून घ्या.

आता धोक्याचं. अ‍ॅम्प्लिफायर आणि ट्वीटर यांच्या मधे आता काहीच नाही. अपडेटनंतर चॅनलचा क्रम बदलला, किंवा फिल्टर बंद पडून पूर्ण आवाज सरळ निघाला, की सगळा बेस ट्वीटरच्या नाजूक घुमटावर. म्हणून ट्वीटरच्या तारेत एक फिल्म कपॅसिटर ठेवाच. ८ ओहमच्या ट्वीटरला ४० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण ५०० हर्ट्झखालचं उतरवत नेतो. क्रॉसओव्हर २००० हर्ट्झला असेल तर तो दोन ऑक्टेव्ह खाली राहतो, फिल्टरच्या कामात फारशी लुडबूड करत नाही.

नव्या जोडणीला आधी कुठला तरी जुना स्पीकर लावून प्रत्येक चॅनल तपासा. हिरव्या जॅकमधून पुढचे चॅनल, काळ्यातून मागचे, हे रंग बहुतेक मदरबोर्डांवर तसेच असतात, पण ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काय करेल याची हमी रंग देत नाही. आणि चालू करताना कॉम्प्युटर आधी, अ‍ॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना उलट, नाहीतर कॉम्प्युटर सुरू किंवा बंद होतानाचा ठप्प आवाज थेट ट्वीटरवर आदळतो.